नाथसागराचा हिशेब

'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण ज्या कोणीं प्रथम उच्चारली त्याच्या डोळ्यांपुढें आमचें शहर खास नसेल. परंतु आज ती या शहराइतकी दुसऱ्या कोणास शोभेल असें आम्हांस वाटत नाहीं. आम्ही राहतों त्या पुंडलिकनगरापासून पैठणचें धरण मोटारीनें तास-सव्वा तासाच्या वाटेवर आहे. महाराष्ट्रांतील मोठ्यांतल्या मोठ्या जलाशयांपैकीं एक तेथें पसरला आहे, आणि २०२३ व २०२४ च्या उन्हाळ्यांत आमच्या गल्लींतील नळास पाणी येत होतें तें कित्येक दिवसांआड. नळाचा दिवस एकादशीसारखा आधींपासून ठाऊक ठेवावा लागे. त्या दिवशीं घरांतील कोणी परगांवीं जात नसे, आणि पाहुण्यांसहि त्या दिवशीं येऊं नका म्हणून विनविण्यांत येई.

२०२३ च्या ऑक्टोबरांत शेजारची कांहीं सुशिक्षित मंडळी एक निवेदन घेऊन आमच्याकडे आली. 'सर, पहिली सही तुमची हवी,' असें त्यांचें म्हणणें. निवेदनांतील मागणी एकच होती: नाशिक व नगर जिल्ह्यांतील धरणांनीं अडवून ठेवलेलें आमच्या हक्काचें पाणी ताबडतोब खालीं सोडण्यांत यावें. आम्हीं तें दोनदां वाचलें आणि सही न करितां परत दिलें. मंडळी दुखावली. 'सर, तुम्हीहि वरच्यांच्याच बाजूचे काय?' असा प्रश्न एका गृहस्थांनीं केला. त्याचें उत्तर दारांत उभ्या उभ्या देण्याजोगें नव्हतें. तें आज सविस्तर देतों.

प्रथम हें सांगून टाकूं कीं ती मागणी अन्यायाची नव्हती. महाराष्ट्र जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाचा २००५ सालचा जो कायदा आहे, त्याच्या बाराव्या कलमांत टंचाईच्या वर्षीं एकाच खोऱ्यांतील वरच्या व खालच्या जलाशयांचा सांठा शेंकडेवारीनें सारखा राखावा असें तत्त्व घालून दिलें आहे. मेंढेगिरी समितीनें २०१३ सालीं त्या तत्त्वास आंकड्यांचें रूप दिलें: १५ ऑक्टोबर रोजीं जायकवाडीचा उपयुक्त सांठा शेंकडा ६५ हून कमी असल्यास वरून पाणी सोडावें. मुंबई उच्च न्यायालयानें २३ सप्टेंबर २०१६ रोजीं दिलेल्या निकालानें समन्यायी वांटपाचें हें तत्त्व उचलून धरलें. २०१२, २०१५, २०१८ आणि २०२३ सालीं वरून पाणी सोडण्यांत आलें. २०१५ चा हुकूम १२.८४ अब्ज घनफुटांचा होता, २०२३ चा सुमारें ८.६ अब्जांचा. ज्यास वर्तमानपत्रें टीएमसी म्हणतात तोच हा अब्ज घनफूट. वरच्या खोऱ्यांत भंडारदरा १९२६ सालचें, दारणा त्याहूनहि जुनें. परंतु जायकवाडीची आंखणी झाल्यावरहि वर धरणें बांधण्याचें थांबलें नाहीं, आणि जें पाणी येईल म्हणून कागदावर धरलें होतें तें पुष्कळ वर्षीं आलेंच नाहीं. एवढें सारें आम्हांस मान्य आहे. मग सही कां केली नाहीं? कारण निवेदनांतील 'आमच्या हक्काचें' हा शब्द. जो दुसऱ्याकडे हिशेब मागावयास जातो त्यानें आपली वही उघडी ठेवलेली असली पाहिजे. आम्हीं आमची वही गेल्या पन्नास वर्षांत एकदांहि उघडलेली नाहीं. आपलें ठेवावें झांकून आणि दुसऱ्याचें पाहावें वांकून, असा हा प्रकार आहे.

ती वही पहिल्या पानापासून उघडूं. जायकवाडीचें धरण जायकवाडीस नाहीं, ही गोष्ट आमच्या पदवीधरांपैकीं किती जणांस ठाऊक आहे? जायकवाडी हें बीड जिल्ह्यांतील एक खेडें. हैद्राबाद संस्थानाच्या काळांत गोदावरीवर त्या खेड्यापाशीं धरण बांधण्याची योजना होती, आणि तींत २,१४७ दशलक्ष घनमीटर पाणी सांठावयाचें होतें. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. नव्यानें पाहणी झाली. आणि कालव्यांखालीं अधिक जमीन यावी म्हणून जागा सुमारें शंभर किलोमीटर वर, पैठणला नेण्यांत आली. जागा गेली, नांव राहिलें. १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं, पाकिस्तानाशीं झालेलें युद्ध थांबून महिनाहि लोटला नव्हता अशा वेळीं, पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनीं पायाभरणी केली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें उद्घाटन झालें. ज्यांनीं हें काम मनावर घेतलें ते शंकरराव चव्हाण त्या वेळीं मुख्यमंत्री होते. मध्यंतरीं १९७२ चा दुष्काळ येऊन गेला होता. मराठवाड्यासारख्या मागें राहिलेल्या प्रांतास या धरणानें धीर दिला, आणि तें बांधणाऱ्यांची हिंमत खरोखर मोठी होती. तींत आम्हांस उणें काढावयाचें नाहीं.

परंतु पैठणची भूमि सपाट आहे. सह्याद्रीच्या कुशींत दरी अडविली म्हणजे पाणी उभें राहतें. पठारावर नदी अडविली म्हणजे तें आडवें पसरतें. येथील मातीची भिंत सुमारें दहा किलोमीटर लांब आहे, आणि तिची अधिकांत अधिक उंची सुमारें ४१ मीटर. तिच्या मागें जो नाथसागर झाला तो भरल्यावर सुमारें साडेतीनशें चौरस किलोमीटर पसरतो, आणि त्यांत २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे १०२ अब्ज घनफुटांहून थोडें अधिक, पाणी मावतें. कोयनेचा जलाशय घ्या. पाणी जवळजवळ तितकेंच, १०५ अब्ज घनफूट. पण पसारा अवघा ११५ चौरस किलोमीटरांच्या आसपास. भागाकार कोणत्याहि शाळकरी मुलास करितां येईल: कोयनेची सरासरी खोली पंचवीस मीटरांहून अधिक, नाथसागराची सव्वाआठ मीटर. आमचा सागर म्हणजे परातींत ओतलेलें दूध आहे.

आतां परातींतलें दूध मराठवाड्याच्या उन्हांत ठेवल्यावर काय होतें तें पाहा. पूर्ण भरलेल्या नाथसागरावरून एक मीटर जाडीचा थर उडून गेला तर ३५० दशलक्ष घनमीटर, म्हणजे बारा अब्ज घनफुटांहून अधिक पाणी गेलें. उघड्या पाण्यावरून आमच्या प्रांतांत वर्षाकाठीं एका मीटराहून कितीतरी अधिक थर उडतो. पाणी जसजसें उतरतें तसतसा पसारा आक्रसतो आणि तूट थोडी कमी होते, हें खरें. तरी हिशेबाचा आशय बदलत नाहीं. २०१५ सालीं ज्या १२.८४ अब्ज घनफुटांसाठीं न्यायालयें गाजलीं, रस्ते अडविले गेले, दोन प्रांतांचीं मनें विटलीं, आणि ज्यांतून नदीच्या कोरड्या पात्रानें वाटेंत आपला वांटा काढूनच घेतला, जवळजवळ तेवढें पाणी भरल्या वर्षीं सूर्यनारायण कोणत्याहि हुकुमावांचून घेऊन जातो. त्याच्याविरुद्ध निवेदन कोणीं लिहिलें आहे?

येथें कोणी म्हणेल, उन्हाला कोण अडविणार? बरोबर आहे. परंतु या शहरांत हा प्रश्न विचारतांना जीभ अडखळावयास हवी होती. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें या शहरासाठीं जी नहर बांधली तिचें पाणी जमिनीखालून येत असे. डोंगराच्या पायथ्याचे झरे भूमिगत नळांतून शहरांत आणावयाचे, मध्यें मध्यें बंबे उभारावयाचे, आणि पाण्यास ऊन लागूं द्यावयाचें नाहीं, ही विद्या येथें चारशें वर्षांपूर्वीं होती. पाणचक्कीवर सहलीस येणारा प्रवासी चक्कीचें कौतुक करतो. तिच्यामागील ही अक्कल कोणी पाहत नाहीं. आमचें सांगणें इतकेंच कीं, उथळ तळ्यांत पाणी राखून ठेवणें म्हणजे तें अर्धवट उडवून लावणें होय. अशा तळ्याचें पाणी वेळेवर, हिंवाळ्यांतच शेतांत पोंचलें पाहिजे, लाभक्षेत्रांतील विहिरींत मुरलें पाहिजे. उन्हाळ्यासाठीं ठेवावयाचें तें पिण्यापुरतें. धरण बांधणाऱ्यांनीं जागा उथळ निवडली ती कालव्यांसाठीं. मग कालवे तरी त्या जागेची भरपाई करतात काय?

डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, उजवा १३२. दोहोंखालीं मिळून १ लाख ८३ हजार हेक्टर जमीन भिजावयाची होती. पाणी वर्षांतून आठ महिने द्यावयाचें, ज्वारी-गहूं-कापूस अशीं पिकें घ्यावयाचीं, आणि थोडें थोडें पाणी पुष्कळांच्या वांट्यास यावयाचें, असा मूळ विचार होता. प्रत्यक्षांत काय झालें तें परभणी जिल्ह्यांत कालव्याच्या शेपटाकडे राहणाऱ्या कोणाहि शेतकऱ्यास विचारावें. कालव्याच्या मुखाशीं आणि जलाशयाच्या फुगवट्याभोंवतीं ऊस उभा राहिला. तो बाराहि महिने पाणी पितो. आणि शेपटाकडल्या चाऱ्यांत बाभळी उगवल्या. वरच्या जिल्ह्यांतील उसावर आम्ही दांत-ओंठ खातों. तोच ऊस पैठण तालुक्यांत उभा असला म्हणजे त्यास आम्ही प्रगति म्हणतों! ज्या २००५ च्या कायद्याचें बारावें कलम आम्हांस तोंडपाठ आहे, त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमांत आणखी एक तत्त्व आहे: बारमाही पिकांस ठिबक किंवा तुषार सिंचनावांचून कालव्याचें पाणी देऊं नये. एका कलमाचा जयजयकार करावयाचा आणि दोन पानें पुढलें कलम चिकटवून ठेवावयाचें, ही कोणती न्यायप्रीति?

आणि वरचे सारे शेतकरी साखरसम्राट आहेत, असेंहि समजण्याचें कारण नाहीं. २६ ऑक्टोबर २०२३ रोजीं निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचें लोकार्पण झालें, आणि चारच दिवसांनीं खालीं पाणी सोडण्याचा हुकूम निघाला. त्या कालव्याची वाट पाहणारीं खेडीं जिरायतीचीं, दुष्काळीं. त्या योजनेची कल्पना निघाली ती १९७० च्या सुमारास. म्हणजे पन्नास वर्षें तहानलेला मनुष्य ओंजळ पुढें करतो न करतो तोंच आम्ही त्याच्या मनगटाशीं हात घालतों. कायद्यानें आम्हांस तो अधिकार दिला असेल. पण तो वापरतांना आमची स्वतःची ओंजळ गळकी नसावी, इतकी लाज तरी शिल्लक राहावी.

आतां वहीचें जें पान आम्हीं कधींच उघडलें नाहीं त्याकडे वळूं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं वर्गांत 'जायकवाडी : मराठवाड्याचें वरदान' असा निबंधाचा विषय दिला होता. एका विद्यार्थ्यानें तास संपल्यावर जवळ येऊन हळूच विचारलें, 'सर, आमचें गांव त्यांत कोठें आहे, हें लिहिलें तर चालेल का?' त्याच्या आजोबांचें गांव पाण्याखालीं गेलेलें. आम्ही तीस वर्षें अध्यापन केलें, परंतु आम्हीं दिलेल्या विषयावर इतकी नेमकी टीका कोणीं केल्याचें स्मरत नाहीं.

पैठण, गंगापूर, नेवासें, शेवगांव या तालुक्यांतील शंभरांहून अधिक गांवांस या जलाशयाची झळ लागली. गोदाकांठची गाळाची काळी जमीन, जी पावसानें दगा दिला तरी ओल धरून ठेवी, ती गेली. कोरडवाहू मुलुखास पाणी देण्यासाठीं त्या मुलुखांतील सर्वांत ओलावा धरणारी जमीनच आम्हीं बुडविली. जायकवाडीचें उद्घाटन १९७६ चें, आणि प्रकल्पांमुळें विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला कायदाहि १९७६ चा. घर बुडाल्यावर छप्पर कोणतें घालावें याचा विचार सुरू झाला, असा याचा अर्थ. उन्हाळ्यांत पाणी फार उतरलें म्हणजे जुन्या देवळांचे चौथरे आणि घरांच्या जोतीं उघड्या पडतात. आम्ही शहरवासी तेथें छायाचित्रें काढावयास जातों. ज्यांचीं तीं घरें होतीं ते तेथें नारळ घेऊन जातात.

उघडी पडणारी ही जमीन पाणी ओसरतां ओसरतां पेरतात. तिला गाळपेर म्हणतात. तिच्यावर पहिला हक्क धरणग्रस्तांचा, असें धोरण आहे. पण धोरण कागदावर आणि नांगर बळकटाच्या हातांत, हा अनुभव कोणास नवा आहे? ज्यांस जमीन उरली नाहीं त्यांतील कित्येक मासेमारीकडे वळले. अलीकडे जलाशयावर तरंगते सौरपट्टे बसविण्याची योजना निघाली. पट्ट्यांनीं वीज होईल, कांहीं पाणीहि उन्हापासून वांचेल. योजना मुळांतच वाईट असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु मासेमारी करणाऱ्या कहार समाजानें हरकत घेतली. हरित न्यायाधिकरणानें २०२४ सालीं ती फेटाळली, आणि २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयांतहि ती टिकली नाहीं. कायद्याचा निकाल लागला. न्यायाचा प्रश्न राहिलाच. प्रत्येक नव्या योजनेच्या वेळीं या पाण्यावर जगणाऱ्या माणसांस आधीं विचारावयाचें कीं शेवटीं, हा तो प्रश्न होय. १९६५ सालीं शेवटीं विचारलें. साठ वर्षांनीं आम्ही निराळे वागलों काय?

नदीचीहि गोष्ट अशीच. पैठण ही प्रतिष्ठान नगरी, सातवाहनांची राजधानी आणि एकनाथ महाराजांचें गांव. तेथील घाटाखालीं गोदावरी आतां वाहते ती धरणाचे सत्तावीस दरवाजे उघडतील तेव्हां. नाथषष्ठीस लाखों वारकरी येतात. त्यांस स्नान घडावें म्हणून नदींत पाणी सोडण्याची विनंती करावी लागते. ज्या नाथांचें नांव सागरास दिलें त्यांच्याच दारची नदी हुकुमाची ताबेदार झाली! आणि अतिवृष्टीच्या वर्षीं हीच नदी अनावर होते. २००६ च्या ऑगस्टांत दरवाजे उघडल्यावर पैठण शहरांत पाणी शिरलें तें अजून तेथील लोक विसरलेले नाहींत.

एक गोष्ट मात्र कोणींहि न योजितां चांगली घडली. उथळपणा हा ज्या तळ्याचा दोष, तोच पक्ष्यांच्या दृष्टीनें गुण ठरला. कडेच्या पसरट चिखलांत, पाणवनस्पतींत आणि बेटांवर हिंवाळ्यांत दूरदेशचीं बदकें व हंस उतरतात, रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. १९८६ सालीं सुमारें ३४० चौरस किलोमीटर क्षेत्र पक्षी-अभयारण्य म्हणून जाहीर झालें. त्या कडांवरच आज पाणी उपसणारे पंप, गाळ-माती नेणाऱ्या गाड्या आणि मनुष्याची सारी घाई येऊन भिडली आहे. एक सृष्टि बुडवून दुसरी आपोआप उभी राहिली. ती तरी आम्ही सांभाळणार आहों काय?

आमच्या या लिहिण्यावर दोन बाजूंनीं मार बसणार हें आम्ही जाणून आहों. एक पक्ष म्हणेल, अशीं धरणें मुळांतच पाप आहेत. हें कधीं बांधावयासच नको होतें. त्या पक्षास आमची विनंति कीं, नळाचें पाणी पितां पितां हें बोलूं नये. हें शहर, जालन्यासारखीं गांवें आणि येथील कारखानदारी आज याच पाण्यावर उभी आहे. झालेलें धरण शापानें पुसलें जात नाहीं, आणि पुसलें तरी बुडालेलीं गांवें वर येत नाहींत. दुसरा पक्ष आमच्या शेजाऱ्यांचा. ते म्हणतील, घरचा हिशेब चव्हाट्यावर मांडून तुम्ही मराठवाड्याची बाजू लंगडी करतां. आम्ही उलट म्हणतों. वरचे लोक न्यायालयांत जो आक्षेप वारंवार घेतात तो हाच कीं, खालीं पाणी वायां जातें, खालींहि ऊसच पिकतो. हा आक्षेप खोडून काढण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे आक्षेप खोटा करून दाखविणें. लंगडी बाजू झांकून चालली तर तिचें लंगडेपण जात नाहीं. फक्त पडण्याचें ठिकाण परकें असतें.

शेवटीं आमच्या शहराविषयीं. आमच्या नळांची कोरड वरच्या धरणांमुळें आहे, ही समजूत आम्हीं मोठ्या प्रेमानें जोपासली आहे. परंतु २०२१ व २०२२ सालीं नाथसागर भरला होता, दरवाजे उघडून पाणी खालीं सोडावें लागलें होतें. आणि तरीहि नळ दिवसांआडच होते! पाणी धरणांत होतें. तें आणणाऱ्या दोन जुन्या वाहिन्या, एक १९७० च्या आणि दुसरी १९९० च्या दशकांतली, वाढलेल्या शहरास पुऱ्या पडत नव्हत्या. नव्या वाहिनीचें १,६८० कोटि रुपयांच्या योजनेखालीं भूमिपूजन २०२० च्या डिसेंबरांत झालें, पुढें खर्चाचा आंकडा २,७०० कोटींवर गेला, आणि वर्षांमागून वर्षें उलटलीं. म्हणजे ज्या तहानेच्या नांवानें आमच्या दारीं निवेदन आलें, ती तहान नाशिककरांनीं लावलेलीच नव्हती. हर्सूलचा तलाव, अंबरी नहर, घरोघरच्या विहिरी या आमच्या स्वतःच्या मालमत्तेचें आम्हीं काय केलें, हें तर बोलूंच नये.

तेव्हां आमच्या शेजाऱ्यांस आमचें उत्तर असें. निवेदन पुन्हां लिहावें. वरून कायद्याप्रमाणें पाणी सोडण्याची मागणी त्यांत खुशाल राहूं द्यावी. तिला आमची हरकत नाहीं. मात्र तिच्याखालीं चार कलमें अधिक घालावीं. नाथसागरांत किती पाणी आलें, किती उन्हानें नेलें, किती उसानें, किती कारखान्यांनीं आणि किती शहरानें, याचा जमाखर्च दरसाल गांवोगांवच्या चावडीवर लागावा. लाभक्षेत्रांतील व फुगवट्यावरील उसास चौदावें कलम लागू व्हावें, आणि कालव्याचें पाणी आधीं शेपटास पोंचावें. गाळपेर जमीन व मासेमारी यांवर धरणग्रस्तांचा पहिला हक्क केवळ धोरणांत न राहतां सातबाऱ्यासारखा लेखी व्हावा. आणि आमच्या शहरानें वापरलेलें पाणी शुद्ध करून कारखान्यांस द्यावें, म्हणजे तेवढें ताजें पाणी धरणांत राहील.

या चार कलमांसह निवेदन आलें तर पहिली सही आमची. त्या विद्यार्थ्याचा पत्ता आम्हांपाशीं आहे. दुसरी सही त्याच्याकडून आणण्याचें काम आमच्याकडे लागलें.